गोळी बंद करणे म्हणजे विश्वासाची ढाल उचलणे नव्हे

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय. आजार म्हणजे सैतानाचा हल्ला. गोळ्या घेतल्या की विश्वासाची ढाल खाली पडली. तीन दिवस अन्नपाण्याविना उपास धरा. घरातल्या विश्वासात नसलेल्यांपासून लांब राहा. आणि मेसेज अकरा जणांना पाठवा. आधाराला बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय, विश्वासाची ढाल उचला सांगणारा. नवापूरकडच्या माझ्या मामेबहिणीलाही तो आला. तिच्या मुलाला सिकलसेल आहे. तिचा फोन आला, "दादा, याच्या गोळ्या थांबवू का?"

नाही. अजिबात नाही.

सिकलसेल आईबाप दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकायला लागतात. अंगातले पाणी कमी झाले की हे आणखी वाढते. अशा मुलाला, तेही खान्देशच्या वैशाखात, तीन दिवस पाण्याविना ठेवायला सांगणारा माणूस त्याला मरणाच्या दारात लोटतोय. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात, पण ती नेमाने घ्यावी लागते. उपासासाठी मेसेजात बायबलमधल्या एस्तेर राणीचा दाखला दिलाय. एस्तेरने उपास धरला तो बोलावणे नसताना राजापुढे जायचे होते म्हणून. कोणाचे औषध बंद करायला नव्हे.

आता "आजार सैतानाचा" हा मुद्दा. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कंबरेत वाकून राहिलेल्या बाईला सैतानाने बांधले होते, असे येशूच म्हणतो. तेवढे मान्य करावे लागते. पण त्यावरून प्रत्येक आजार तसाच, असे होत नाही. आणि समजा झाले, तरी पुढे काय? करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय 12 काढा. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता. त्याला तो स्वतःच सैतानाचा दूत म्हणतो. तो निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरे, माझे सामर्थ्य अशक्तपणातच पूर्णतेस येते. मग पौलाचा विश्वास कमी पडला म्हणायचा का? देवाच्या सामर्थ्यावर विसंबणे म्हणतात ते हेच: दुखणे अंगात असतानाही त्याचा हात न सोडणे. दुखणाऱ्या लेकराच्या आईला "तुझा विश्वास कमी" असे ऐकवणाऱ्यांनी हा अध्याय एकदा गुडघ्यावर बसून वाचावा. याच पौलाने आपला तरुण सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि आपल्यासोबत असणाऱ्या लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो.

नातेवाइकांपासून लांब राहण्याचे तर मेसेजातल्याच इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात निकाली निघते: आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही. आमच्याकडे एकाच घरात एक भाऊ चर्चला जातो, दुसरा जात नाही. रात्री मुलाला झटका आला की मोटारसायकल तो दुसराच काढतो.

मेसेज अकरा जणांना पाठवा, असे शास्त्रात कुठेच नाही.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांनी आजच त्याच गटात लिहावे की तो चुकीचा आहे, औषध थांबवू नका, पाणी तोडू नका. सातपुड्याच्या या पट्ट्यात भिल्ल, पावरा अशा कितीतरी घरांत सिकलसेलची मुले आहेत, आणि त्यांच्या आयांच्या हातातही फोन आहे.