समोरच्याने सुचवलेला मध्यस्थ

धंद्यातला मोठा वाद मध्यस्थीला न्यायचं ठरलं की पुढचा खेळ ठरलेला असतो. आपण दोन-तीन नावं सुचवायची, समोरच्यांनी सुचवायची, आणि त्यांची सगळी नावं फेटाळायची. का? तर ती त्यांनी सुचवली म्हणून. माझं मत नेमकं उलटं आहे आणि ते बऱ्याच वकिलांना पटत नाही, हेही ठाऊक आहे. समोरच्याने सुचवलेला माणूस स्वच्छ आणि कामाचा असेल, तर आधी त्यालाच घ्या.

लवाद नेमताना 'हा कुणाकडे झुकेल' ही धास्ती रास्त आहे, कारण त्याचा निवाडा तुम्हाला बांधून टाकतो. मध्यस्थाला निवाडा द्यायचाच नसतो. त्याची खरी ताकद कळते ती बंद दाराआड, एका पक्षाला "तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी भक्कम नाही" असं तो सांगतो आणि तो पक्ष ते ऐकून घेतो तेव्हा. आता हे वाक्य तुम्हाला कुणाच्या कानावर घालायचंय? समोरच्याच्याच ना? मग ज्याच्यावर त्यांचा भरवसा आहे, त्याच्या तोंडून गेलेलं काय वाईट?

'स्वच्छ' ही अट मात्र सैल सोडू नका. पूर्वी त्यांना सल्ला दिलाय का, त्यांच्या वकिलांकडून वारंवार कामं येतात का, कंपनीत काही हितसंबंध आहेत का, हे लेखी मागा. आणि स्वतःच्या बाजूच्या नावालाही हाच नियम लावा. मध्यस्थीतून झालेले सीमापार व्यापारी करार देशोदेशी अमलात आणता यावेत म्हणून सिंगापूर करार झाला. २०१९ मध्ये त्यावर सह्या सुरू झाल्या, १२ सप्टेंबर २०२० पासून तो लागू आहे. त्यात अंमलबजावणी नाकारण्याची जी मोजकी कारणं आहेत, त्यातलं एक असं: निःपक्षपातीपणावर रास्त शंका यावी अशी गोष्ट मध्यस्थाने लपवली आणि ती कळली असती तर त्या पक्षाने समेट केलाच नसता. म्हणजे 'आपला माणूस' बसवलात, तर हातात आलेला करार उद्या त्याच्याचमुळे अडकू शकतो.

दुसरा मोह मोठ्या नावाचा. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात नोव्हेंबर १९९९ मध्ये रिचर्ड पोस्नर यांना मध्यस्थ नेमलं. अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, कायदा आणि अर्थशास्त्र दोन्हींत दबदबा. हुशारीत त्यांच्या तोडीचा माणूस मिळणं कठीण. सुमारे चार महिने मसुदे इकडून तिकडे गेले आणि १ एप्रिल २००० रोजी पोस्नर यांनी प्रयत्न फसल्याचं जाहीर केलं. फिर्यादींच्या बाजूला केंद्र सरकार आणि तब्बल १९ राज्यं होती. त्यांचंच आपसात एकमत होईना. २००१ च्या शरदात एरिक ग्रीन आले, मध्यस्थी हाच ज्यांचा पेशा. काही आठवड्यांत केंद्र सरकार आणि कंपनीचं जमलं. ९ राज्यं सामील झाली, बाकीची बाहेरच राहिली. सगळं श्रेय ग्रीन यांना देणं अन्याय होईल. मधल्या काळात कंपनीचे तुकडे करण्याचा आदेश अपिलात रद्द झाला होता, सरकारही बदललं होतं. पण एका बाजूला जेव्हा दहा-वीस जण बसलेले असतात, तेव्हा त्यांचं आपसात जुळवणं हेच निम्मं काम असतं, आणि ते बुद्धिमत्तेच्या जोरावर होत नाही.

न्यायाधीश नकोतच, असंही नाही. अमेरिकेतल्याच डेट्रॉईट शहराचं दिवाळं निघालं तेव्हा (२०१३) मध्यस्थ होते जेराल्ड रोझेन, पदावरचे न्यायाधीश. सुमारे १८०० कोटी डॉलरचा बोजा, धनकोंचा डोळा शहराच्या कलासंग्रहालयातल्या चित्रांवर आणि निवृत्तांची पेन्शन धोक्यात. रोझेन यांनी वादात नसलेल्या धर्मादाय संस्थांची दारं ठोठावली. राज्य सरकार आणि संग्रहालयही त्यात आलं आणि ८० कोटी डॉलरहून जास्त रकमेची आश्वासनं उभी राहिली. चित्रं वाचली, पेन्शनची कपात बरीच कमी झाली. टेबलावर नसलेला पैसा टेबलावर आणायला कायद्याचं ज्ञान पुरत नाही, त्याला माणसं जोडण्याची हातोटी लागते.

म्हणून आधी वाद कुठे अडकलाय ते बघा. मूल्यांकनावर अडलं असेल तर ताळेबंद वाचता येणारा हवा. कायद्याच्या एका मुद्द्यावर अडलं असेल तर ज्याच्या अंदाजाला वजन आहे असा माजी न्यायाधीश. दोन भागीदारांची मनं दुखावली असतील तर दोघांनाही पोटतिडकीने बोलू देणारा. पेटंटसारख्या विषयात मी तज्ज्ञालाच मध्यस्थ करणार नाही. पहिल्याच दिवशी 'बरोबर कोण' ते मनात ठरवून बसतो तो. तज्ज्ञ वेगळा बोलवावा.

मध्यस्थाच्या यशाच्या टक्केवारीकडे दुर्लक्ष करा. सोपी प्रकरणं घेतली की ती आपोआप चढते. त्यापेक्षा विचारा, शेवटचं प्रकरण फसलं ते का? दोन्हीकडचे आकडे गोठले की काय करता? चांगला मध्यस्थ कधीकधी स्वतःचा एक आकडा दोघांपुढे ठेवतो आणि गुप्तपणे फक्त 'हो' किंवा 'नाही' मागतो. एकाने नाही म्हटलं, तर दुसऱ्याचा होकार त्याला कधीच कळत नाही. पण हा पत्ता दुपारीच काढणारा माणूस नको.

शेवटचा प्रश्न मी फेसबुकच्या एका वादावरून घेतलाय. फेसबुकची कल्पना मुळात आपली, असा दावा करणाऱ्या विंकलव्हॉस बंधूंशी २००८ मध्ये मध्यस्थीत समेट झाला, तो हाताने लिहिलेल्या जेमतेम सव्वा-दीड पानावर. नंतर बंधूंना तो मोडायचा होता. मध्यस्थीत काय बोललं गेलं ते गोपनीय, त्यामुळे पुरावा म्हणून आणता येईना, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ते दीड पान कायम ठेवलं. तेव्हा उमेदवाराला विचारा: रात्र झालीये, सगळे थकलेत, तोंडी जमलंय आणि वकील म्हणतायत मसुदा उद्या पाठवतो. तुम्ही त्यांना घरी जाऊ देता का?