अकरा राजे आणि एक डुक्कर

संद्या दोन वर्षांपासून कादंबरी लिहितोय. म्हणजे प्रकरण एकही झालेलं नाही, पण त्यातल्या राज्याचा नकाशा तयार आहे, झेंडा तयार आहे, नाण्यांची नावंसुद्धा ठरलीत. काल संध्याकाळी त्याने कट्ट्यावर राजघराण्याची वंशावळ आणली. हातभर लांब कागद. वारं सुटलेलं, म्हणून चार कोपऱ्यांवर चौघांचे मोबाईल ठेवले. त्यामुळे नंतर जे काही भांडण झालं ते सगळं तोंडपाठ मालावर झालं.

राज्याचं नाव वज्रतट. घराणं एक, राजे अकरा, कारभार ३४० वर्षांचा. चौकोनाखाली चौकोन, चौकोनाखाली चौकोन, पट्टीने आखलेले.

बाळ्याने कागद वरून खालपर्यंत पाहिला. "हे घराणं आहे की पाण्याचा पाइप? वर ओतलं की खाली येतंय!"

"म्हणजे?"

"अकरा राजे, अकराही थोरले मुलगे. कुणी निपुत्रिक नाही, कुणी दत्तक नाही, भाऊ म्हणून कुणाला औषधालाही नाही. सरासरी ३१ वर्षं राज्य करून प्रत्येकजण शहाण्यासारखा मेलाय."

"अरे, यात ड्रॅगन आहेत," संद्या म्हणाला. हे त्याचं नेहमीचं हत्यार.

"ड्रॅगनचं मला काही नाही. तू सांगितलंस, मी मानलं. पण ३४० वर्षांत एकाही राजाचं पहिलं पोर तापाने गेलं नाही, हे तू कुठे सांगितलंयस? ते मी का मानू?"

मला हा मुद्दा तेव्हाही पटला होता, पण संद्याने अभ्यास केला होता. "फ्रान्सचं कापे घराणं," तो म्हणाला. "९८७ ते १३१६. बारा राजे, बापामागे मुलगा, मध्ये खंड नाही. सरासरी २७ वर्षं. घ्या!"

बाळ्या गप्प झाला. बाळ्या गप्प झाला की मुग्धा बोलते.

"बापामागे मुलगा, बरोबर. थोरला कुणी सांगितला तुला? सहाव्या लुईचा थोरला फिलिप. बापाने हयातीतच त्याचा राज्याभिषेक उरकून ठेवलेला. ११३१ साली पॅरिसात घोड्यावरून जात होता, घोड्याच्या पायात डुक्कर आलं. पोरगा पडला तो गेलाच. मग ज्याला चर्चच्या सेवेत घालायचं ठरलं होतं, त्या धाकट्याला ओढून आणून मुकुट घातला. तो सातवा लुई."

"डुक्कर?" संद्या.

"डुक्कर. आणि पुढे बघ, नववा लुई, तिसरा फिलिप, चौथा फिलिप. ओळीने तीन राजे, तिघांचेही थोरले भाऊ आधी गेलेले. लांबून बघितलं की सरळ रेघ दिसते. जवळ गेलास तर नुसती ठिगळं."

"पण हयातीत राज्याभिषेक कशाला? एवढी कसली घाई?" हे मी विचारलं.

"कारण गादी पक्की नव्हती. पहिल्या ह्यू कापेला सरदारांनी निवडून बसवलं होतं. उद्या दुसऱ्या कुणाला निवडतील! म्हणून बाप जिवंत असतानाच मुलाच्या डोक्यावर मुकुट. दोनेकशे वर्षं हे चाललं, मग गरज उरली नाही. आणि १३१६ नंतर काय झालं ते सांगितलं नाहीस. दहावा लुई मेला तेव्हा राणी गरोदर. मुलगा झाला, पाच दिवस जगला. मग काका, मग दुसरा काका, १३२८ साली तोही मुलाविना गेला. गादी चुलत शाखेकडे आणि इंग्लंडचा राजा म्हणतोय, माझी आई तुमच्याच घरातली. त्यातून शतवर्षीय युद्ध."

संद्या डुकरावरच अडला होता. मला वाटतं त्याला थोडा हेवा वाटत होता.

बाळ्याला पुन्हा कंठ फुटला. "मुळात तुझ्या वज्रतटात नियम काय? थोरल्याला गादी, की घरातल्या सगळ्यात वडील पुरुषाला, की जो जिंकेल त्याला? ऑटोमनांचा तिसरा मेहमेद १५९५ साली गादीवर आला आणि आपले एकोणीस भाऊ त्याने मारून टाकले. पुढे १६१७ मध्ये पहिल्या अहमदनंतर भावालाच गादी मिळाली. बावीस वर्षांत प्रथा कुठल्या कुठे गेली! मुघलांचं तर बोलूच नको, एकट्या १७१९ मध्ये चार बादशहा तख्तावर. तुझ्याकडे साधा एक वाया गेलेला काका नाही."

"आणि हा," मुग्धाने बोट ठेवलं, "जन्मापासून 'विक्रमसेन पहिला' कसा? दुसरा होईपर्यंत पहिल्याला पहिला कोण म्हणणार?"

हे संद्याने मुकाट्याने खोडलं.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मी उचलला, कोपरा उडाला, पुन्हा दाबून धरला तर खाली बारीक अक्षरात सनावळी. सातवा राजा मृत्यू, वज्रसन १९६. आठवा राज्याभिषेक, २१०.

"संद्या, मधली चौदा वर्षं?"

त्याने बोटांवर मोजलं. चेहरा पडला. "बेरीज चुकली रे. उद्या सरळ करतो."

"हात लावून तर बघ!" मुग्धा जवळजवळ ओरडली. "आठव्याचा जन्म कधीचा?"

"१९५."

"म्हणजे बाप गेला तेव्हा वर्षाचं पोर. चौदा वर्षं राज्य कुणी चालवलं? अख्ख्या कागदावर एवढीच जागा जिवंत आहे. राजाराम महाराज गेले १७०० साली. गादीवर नाव लहान शिवाजीचं, आणि सात वर्षं औरंगजेबाशी झुंजल्या त्या ताराबाई. आता त्या सात वर्षांसमोर नुसतं पोराचं नाव लिहून बघ."

"आई नाही, आत्या," बाळ्या म्हणाला. सातव्या राजाच्या शेजारी खरंच एक इवलासा चौकोन होता, आत नुसतं 'बहीण'.

"तिला मी तहात शत्रूच्या घरी दिलीय," संद्या म्हणाला.

"मग तर फारच उत्तम! नवरा मेला, परत आली, शत्रूची सगळी अंडीपिल्ली तिला ठाऊक. सरदार तिच्या बाजूला. आई बिचारी एकटी."

"आई बिचारी कशावरून? खजिन्याच्या किल्ल्या कुणाकडे?"

"सैन्य कुणाकडे ते विचार."

अर्धा तास दोघं वज्रतटाच्या किल्ल्यांवरून भांडत होती आणि राज्याच्या मालकाला कुणी विचारत नव्हतं. शेवटी त्याने हात वर केला. "ठीक आहे. आई राज्य करते, आत्या बंड करते. चौदा वर्षं."

"आईचं नाव काय?" मुग्धाने विचारलं.

संद्याने कागदावर वाकून पाहिलं. मग आम्हीही पाहिलं. अकरा चौकोन, अकरा बाप.

"तुझ्या राज्यात राजे पेरतात का रे?" बाळ्या म्हणाला.

"पेन्सिल द्या कुणीतरी," संद्या म्हणाला.