धार काढा दुपारी बाराला

पलूस-तासगावकडं राहता, दावणीला आठ-दहा एचएफ गाई आहेत आणि गोठ्यावर सोलर बसवायचं डोक्यात आलंय? झकास. आधी गाईंची मीटिंग घ्या.

विषय एकच ठेवा: धार दुपारी बाराला. पहाटे पाचला धारेचं मशीन लागतं तेव्हा सूर्य उगवलेला नसतो, संध्याकाळी लागतं तेव्हा तो घरी निघालेला असतो. सूर्याची वेळ बदलत नाही, दुधाच्या गाडीची तर त्याहून नाही. राहिल्या गाई. नाहीच ऐकल्या तर बॅटरी घ्या. बॅटरीचं कोटेशन बघितलं की गाईंना समजावणं सोपं वाटेल.

कुणी म्हणेल, नेट मीटरिंग करा, दुपारची वीज लाइनला द्या, पहाटे परत घ्या. करा की. फक्त लाइट गेली की हे बॅटरीविना सोलरही बंद पडतं. डोक्यावर रणरणतं ऊन आणि कुट्टी मशीन गप्प! हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरची वीज लागू नये म्हणून केलेली सोय आहे ती. त्याच्या जिवाची चेष्टा नाही. पण तो खांबावर चढेपर्यंतच्या चार तासांचं काय, एवढं मात्र विचारू नका.

अनुदान आहे. घराच्या छपरावर तीन किलोवॉट बसवलं तर 78 हजार. गोठा म्हणजे घर नव्हे, तेव्हा एक तर तुम्ही गोठ्यात राहायला जा, नाहीतर गाईंना माडीवर घ्या. विहिरीवरचा सौर पंप दहा टक्के भरून मिळतो. तो पाणी ओढतो, दूध नाही. आणि मीटर? ते आजोबांच्या नावावर असणार. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बिल अजून त्यांनाच येतं. सही त्यांचीच आणा.

बँकेत जाऊ नका असं नाही. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, पेंडवाल्याचं भागवून उरेल त्यात हप्ता बसवा.

एवढं करून पॅनेल आलंच, तर तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते. गोठ्याचे सिमेंटचे पत्रे माकड चढलं तरी तडकतात, म्हणून अंगणात लोखंडी अँगल रोवा. गाळप सुरू झालं की कारखान्याची काजळी बसेल. गाई धुता तसंच पॅनेलही धुवा.

अँगलखाली सावली मात्र झकास पडते. डिझेलचा जनरेटर तिथंच ठेवा.