मी गोळ्याच घेत नाही, मग जंतू माझं काय करणार?

पावसाळा लागला, जुलाब-तापाची साथ सुरू झाली, की गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक जुना मजकूर पुन्हा फिरायला लागतो. पेडण्यापासून फोंड्यापर्यंत कुणी ना कुणी तो पुढे ढकलतोच. मजकूर थोडक्यात असा: जंतू औषधाला सरावतात ते औषध घेणाऱ्याच्या शरीरात, त्यामुळे ज्याने अँटिबायोटिक घेतलं नाही त्याने घाबरायचं कारण नाही. औषधाला दाद न देणारे जंतू प्रयोगशाळेत बनवलेले आहेत. औषध बंद केलं की जंतू पूर्वपदावर येतात. पोटातले चांगले जंतू कधी उलटत नाहीत. आणि ‘नवी दिल्ली’चं नाव असलेला जंतू हा भारताला बदनाम करायचा डाव.

गरज नसताना अँटिबायोटिक घेऊ नये, एवढा त्यातला सल्ला सोळा आणे खरा. बाकीचं एकेक पाहू.

पहिला दावा ऐकायला सगळ्यात गोड, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आवेच्या, म्हणजे शिगेला जंतूच्या साथी होत्या. सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही चार औषधं हाताशी होती. १९५०च्या दशकाच्या मध्यावर या चारही औषधांना एकदम न जुमानणारा शिगेला सापडू लागला. एका औषधाविरुद्धचा बदल कोट्यवधी पेशींत एखाद्या पेशीत आपोआप होतो. चार बदल एकाच पेशीत एकाच वेळी जुळून यावेत, हे अशक्यातलंच. मग त्याच रुग्णांच्या आतड्यातला साधा ई. कोलाय तपासला, तर त्याच्याकडेही त्याच चार औषधांविरुद्धची ताकद. १९५९मध्ये जपानी संशोधकांनी दोन्ही जंतू नुसते एकत्र वाढवले आणि एकाकडची ताकद दुसऱ्याकडे गेली. म्हणजे इथे कुणी सरावलंच नव्हतं. माल हस्तांतरित झाला होता.

हा माल म्हणजे प्लास्मिड: मुख्य गुणसूत्राबाहेर असलेला डीएनएचा छोटा गोल वेढा. देणारी पेशी केसासारखी बारीक नळी बाहेर काढते, शेजारणीला चिकटवते आणि जवळ ओढते. वेढ्याच्या दोन धाग्यांपैकी एक कापला जातो, उलगडत पलीकडे सरकतो आणि दोन्ही पेशी आपापला जोडधागा विणून घेतात. बहुतेकदा काही मिनिटांचं काम. शेजारी विरजण मागायला आला म्हणून आपलं दही संपत नाही, तसंच हे. शेजारीण वेगळ्या जातीची असली तरी बऱ्याच प्लास्मिडांचं अडत नाही. शिवाय प्लास्मिडवर बसलेली काही जनुकं स्वतःच उड्या मारतात: आज प्लास्मिडवर, उद्या गुणसूत्रावर. असे उडते तुकडे बार्बरा मॅकक्लिंटॉक यांना आधी मक्यात दिसले होते. त्यांना १९८३मध्ये नोबेल मिळालं.

‘मी घेतलंच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. परदेशप्रवास करून आलेल्या सुमारे दोन हजार डच प्रवाशांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. भारत आणि शेजारचे देश फिरून गेलेल्यांत दर चौघांतले तिघे पोटात असे नवे ई. कोलायसारखे जंतू घेऊन परतले, जे सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांना मोडीत काढतात. निघताना ते त्यांच्या पोटात नव्हते. त्यांतल्या बहुतेकांनी वाटेत अँटिबायोटिक घेतलंही नव्हतं. पाणी प्यायले, जेवले, घरी गेले. काहींच्या घरातल्या माणसांपर्यंतही ते जंतू पोचले. औषधाने काय होतं, तर पोटातले इतर जंतू मरतात आणि अशा जंतूला मोकळं रान मिळतं. तो पोटात यायला मात्र आपली गोळी लागत नाही.

प्रयोगशाळेचा दावा दोन ओळींत निकालात निघतो. पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम जंतूंत सापडल्याचं १९४०मध्येच प्रसिद्ध झालं, तेव्हा पेनिसिलिन बाजारात आलंही नव्हतं. कॅनडातल्या गोठलेल्या मातीत अशी जनुकं ३० हजार वर्षांपूर्वीची सापडली आहेत. बुरशी आणि जंतू यांचं आपसातलं भांडण आपल्यापेक्षा फार जुनं आहे.

औषध थांबवलं की जंतू पूर्वपदावर? असं कधी कधी होतं, पण त्यावर विसंबता येत नाही. ब्रिटनमध्ये सल्फा औषधांचा वापर १९९१ ते १९९९ या काळात जवळजवळ बंद झाला. लंडनच्या एका इस्पितळातल्या ई. कोलायमध्ये सल्फाला दाद न देण्याचं प्रमाण १९९१मध्ये ३९.७ टक्के होतं. १९९९मध्ये ते ४६ टक्के निघालं. कारण सल्फाविरुद्धचं जनुक इतर औषधांविरुद्धच्या जनुकांसोबत एकाच प्लास्मिडवर बसलेलं असतं. इतर औषधं चालू, तोवर तेही सांभाळलं जातं. काही प्लास्मिडांची व्यवस्था तर याहून बेरकी: पेशीत विष आणि उतारा दोन्ही बनवायचे. प्लास्मिड गेलं की उतारा आधी संपतो, विष मागे उरतं आणि पेशी मरते.

चांगले जंतू, वाईट जंतू ही वाटणीही इतकी पक्की नाही. घटसर्पाचा जंतू विष बनवतो ते जनुक मुळात त्याचं नाहीच, त्याच्यात शिरलेल्या विषाणूचं आहे. निरुपद्रवी वाणाला तो विषाणू लागला की वाण विषारी होतो, हे १९५१मध्येच दिसलं होतं. कॉलऱ्याच्या विषाचंही तेच. २०११मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून (हो, आपल्याच मेथीच्या) पसरलेल्या ई. कोलायने ५०हून अधिक माणसं दगावली. मूत्रपिंड बंद पाडणारं विष त्याला अशाच विषाणूकडून मिळालं होतं. पोटातला गरीब ई. कोलाय स्वतः काही करत नसेल, पण जपानमध्ये शिगेलाबरोबर देवघेव करणाराही तोच होता.

राहिला बदनामीचा. ‘नवी दिल्ली’ हे नाव खरं तर जंतूचं नाही, एनडीएम-१ या जनुकाचं: कार्बापेनेम ही राखीव ठेवलेली औषधंही फोडणारं एन्झाइम ते बनवतं. शहराचं नाव देणं चुकलंच, तो आक्षेप रास्त आहे. भारतात इस्पितळात राहून गेलेल्या एका स्वीडिश नागरिकात ते जनुक २००८मध्ये सापडलं: लघवीतल्या क्लेब्सिएला नावाच्या जंतूत आणि विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही. पण नाव वाईट म्हणून जनुक खोटं ठरत नाही. २०११च्या अहवालात दिल्लीतल्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्यालगत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत ते आढळलं. जनुक बाळगणाऱ्यांत शिगेला होता आणि कॉलऱ्याचा जंतूही.

आपल्याकडे जमीन चिऱ्याची, भोकाभोकांची. वाड्यावर विहीर आणि सोकपीट (संडासाचं पाणी मुरवायचा खड्डा) दोन्ही जवळजवळ असतात आणि पावसात दोन्ही तुडुंब भरतात, म्हणजे एकातला जंतू दुसऱ्यात यायला वाट मोकळी. एक बरं, की औषधाला न जुमानणारा आतड्याचा जंतूही खळखळ उकळत्या पाण्यात साध्या जंतूसारखाच मरतो.