आप्पा, पोतं उचलणं आणि बार उचलणं यात फरक आहे

आप्पा नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, राग आला नाही पण उत्तर दिल्याशिवाय राहवतही नाहीये. तुमचं म्हणणं असं की वेटलिफ्टर मीराबाई चानूने २०२५ ला नॉर्वेतल्या फोर्डेच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला घेतलेल्या सिल्व्हरवर मी उगाच एवढं लिहिलं, गोल्डवाली तिच्या १४ किलो पुढे होती, स्नॅचमधले तिचे ८४ किलो तर अमळनेरच्या मार्केटातला हमाल सहज उचलतो, आणि वर ‘पोरीस्ले काय करनं शे हाई’, उंची खुंटते, पुढे मूलबाळ व्हायला त्रास होतो.

आधी हमालाचं. त्याच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे, पण पोतं त्याच्या पाठीवर दोघं जण चढवून देतात आणि मग तो चालतो. स्नॅचमधे बार जमिनीवर असतो, तो एका दमात डोक्यावर गेला पाहिजे, मधे खांद्यावर टेकवायची सोय नाही. बार धड छातीपर्यंतही आलेला नसतो तेवढ्यात त्या बाईने विजेसारखं त्याच्याखाली बसायचं, हात ताठ ठेवून तो डोक्यावर झेलायचा आणि घेऊन उठायचं. कोपर जरा वाकून परत सरळ झालं की लाल दिवा, म्हणजे प्रयत्न बाद, पंचांची खूण होईपर्यंत हलायचं नाही, आणि हे सगळं करणारी स्वतः फक्त ४८ किलोच्या गटातली!

आता १४ किलोचं. उत्तर कोरियाची री सोंग गुम २१३ किलो टोटलवर होती, ती खूप पुढे होती हे मान्यच. पण खरी मॅच सिल्व्हरची होती आणि तीच मला सांगायची होती. प्रत्येकीला स्नॅचचे तीन आणि क्लीन अँड जर्कचे (यात बार आधी खांद्यावर घेऊन मग डोक्यावर न्यायचा) तीन प्रयत्न मिळतात, दोन्हीतल्या सगळ्यात जड यशस्वी वजनांची बेरीज म्हणजे टोटल, आणि त्या त्या प्रकारात बारवरचं वजन एकदा वाढलं की कमी होत नाही. मीराबाईने ८४ उचलले, मग ८७ ला दोन्ही वेळा चुकली. थायलंडच्या तान्यातोनचे ८८ झालेले, म्हणजे मीराबाई ४ किलो मागे. अशा वेळी पुढचे आकडे काय लावायचे हे ठरवणं किती अवघड असतं बघा, कारण रिओला २०१६ मधे हिचेच क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न हुकले होते आणि टोटलच लागली नव्हती. तरी फोर्डेत क्लीन अँड जर्कला १०९, ११२, ११५ तिन्हीला पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही प्रयत्न यशस्वी. ११५ म्हणजे अंगाच्या जवळजवळ २.४ पट. टोटल १९९, थायलंडची १९८.

आणि हेच १९९ तिने २०२४ ला पॅरिसमधे उचलले होते, तेव्हा ब्राँझ २०० वर गेलं आणि ही चौथी, शेवटचे ११४ गेले असते तर मेडल होतं. तोच आकडा, एकदा एक किलोने मेडल गेलं आणि वर्षभराने, वयाच्या ३१ व्या वर्षी, एक किलोने मिळालं. मला हे वाचूनसुद्धा धडधडतं, म्हणून लांबण लागलं आप्पा, आणि परत लिहायची वेळ आली तरी एवढंच लिहीन.

उंचीचं म्हणाल तर देखरेखीखाली नीट शिकून केलेल्या वेटलिफ्टिंगने उंची खुंटते याला काही पुरावा नाही. मीराबाई ४ फूट ११ इंच आहे म्हणून लोकांना तसं वाटतं, पण बुटक्या शरीराला बार कमी अंतर वर न्यावा लागतो, म्हणून त्या वजनगटात अशा मुली पुढे येतात. मुलाबाळांचं म्हणाल तर कर्णम मल्लेश्वरीने २००० ला सिडनीत २४० किलो टोटलवर ब्राँझ घेतलं, पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला आणि २००४ ला ती अथेन्सला परत बारपाशी उभी होती. कुंजराणी देवीने तर ३८ व्या वर्षी मेलबर्नला कॉमनवेल्थ गोल्ड घेतलं.

एक मात्र मनापासून विचारते. कापूस वेचायच्या दिवसात आपल्याकडच्या बाया गाठोडं डोक्यावर घेऊन बांधावरून येतात, शेताकडून येताना सरपण आणतात, तेव्हा पोरींच्या अंगाला काय होईल म्हणून कोणी का अडवत नाही? तेच वजन तिने स्वतःसाठी, स्वतःच्या नावावर उचललं की लगेच अंग बिघडतं का?

आणि हे सगळं लांबचं नाहीये. जळगावहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर मनमाड, तिथली आकांक्षा व्यवहारे २०२२ ला मेक्सिकोत युथ वर्ल्डला ४० किलो गटात सिल्व्हर घेऊन आली. खान्देशात पोरींची ताकद कमी नाही, पण मी बघितलेल्या जिममधे बायकांचा १५ किलोचा बारच नसतो, तो जाडीलाही कमी असतो, छोट्या हाताच्या पोरीला २० किलोच्या जाड बारवर शिकवायचं म्हणजे पकडच बसत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की नात आठवीत आहे आणि ती माझ्या पोस्टी वाचते. तिला घेऊन या आप्पा, सुरुवातीला नुसत्या काठीवर टेक्निक शिकवतात, वजन लगेच लावत नाहीत. तुम्ही समोर खुर्ची टाकून बसा, काही चुकीचं वाटलं तर तिथेच बोला. बूट एवढ्यात घेऊ नका, या वयात पाय वाढतात.