निजामाचा शिक्का, 25 लाख आणि आमचे दाजी

"आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर घरात आहे? जेवढं जुनं तेवढी किंमत जास्त. निजामाचा शिक्का असेल तर 25 लाख. अमेरिकेत लिलावात याहून जास्त. 100 वर्षांपुढचं असेल तर लायसन्स लागत नाही. पॉलिश करून, नंबर दिसेल असा फोटो पाठवा."

हा मेसेज नांदेडपासून धाराशिवपर्यंत फिरतोय. फिरू द्या म्हटलं असतं. पण तो अंबाजोगाईला आमच्या दाजींकडे पोचला. त्यांच्या वडिलांचं .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप) वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं विलायती रिव्हॉल्व्हर, वडील वारल्यापासून शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे. ते आता घरी आणायचं म्हणतात, कारण "त्याला लायसन्स लागत नाही म्हणे".

दाजी, जेलात जायचंय का?

1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 वाचा. कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण कधी? ते दुरुस्त करूनही चालण्यासारखं नसेल तेव्हाच. वयाचा आकडा तिथे नाहीच. चाप ओढला की सिलिंडर फिरतं आणि गोळी सुटते, तर ते 1910 चं असो की 2010 चं, कायद्याला ते हत्यारच. विनापरवाना सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षं, कमाल 5 वर्षं. 100 वर्षांचा आकडा बहुधा 1972 च्या पुराणवस्तूंच्या कायद्यातून उचललाय, आणि गंमत म्हणजे तोच कायदा अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवू देत नाही. म्हणजे मेसेजवाल्याने एका वाक्यात अमेरिकेचा लिलाव दाखवला आणि पुढच्याच वाक्यात त्याचा रस्ता बंद केला.

आता निजामाचा शिक्का. दाजींनी मला भिंग लावून काढलेला फोटो पाठवला: नळीवर बारीक मुकुट, खाली दोन इंग्रजी अक्षरं. अहो, ही बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची खूण. जादा दारूचं काडतूस उडवून नळी फुटत नाही हे तपासलं की ती ठोकायचे. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं तिथून तपासून निघालेल्या हजारो हत्यारांवर सापडतील. निजामाच्या नाण्यावर चारमिनार असायचा, इंग्लंडचा मुकुट कशाला असेल? मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता म्हणून त्या काळातली प्रत्येक लोखंडी वस्तू निजामाची होत नाही. तसं असतं तर आमच्या आजीचा अडकित्ताही लाखाला गेला असता.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या विलायती .32 ला आपल्याकडे मागणी आहे, भावही देशी मालापेक्षा चढा मिळतो. पण ते वयामुळे नव्हे. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी व्यापारी आयात बंद झाली, म्हणून विलायती माल जो आहे तेवढाच. तुलनेला सांगतो, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 2014 मध्ये 'निर्भीक' हे देशी .32 रिव्हॉल्व्हर काढलं तेव्हा त्याची किंमत 1,22,360 रुपये होती. आणि 'विलायती' म्हणजे सगळंच नव्हे. .380 किंवा .455 ची फौजी काडतुसं घेणारं रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. ते कितीही देखणं असलं तरी साध्या परवान्यावर कुणी घेऊच शकत नाही.

गिऱ्हाईक तरी किती? घेणाऱ्याकडे परवाना हवा, त्यावर जागा हवी. 2019 नंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे तिसरं असलेल्यांनाही ते काढावंच लागलं. बीडमध्ये 2025 च्या सुरुवातीला छाननी होऊन कितीतरी परवाने रद्द झाले. घेणारे कमी आणि काढणारे जास्त, तिथे 25 लाख कोण मोजणार?

पॉलिशबद्दल काय बोलावं! मूळ निळसर मुलामा जेवढा शिल्लक तेवढी किंमत. बफिंग मारून अक्षरं पुसट केली की जाणकार तिथेच भाव पाडतो. नंबरचा फोटो अनोळखी माणसाला पाठवणं हा तर शुद्ध वेडेपणा.

शिवाय किंमत फोटोवरून ठरतच नाही. रिकामं असल्याची खात्री करून विक्रेता नळीत उजेड धरून आतले पिळदार चर, म्हणजे आटे, झिजलेत का, गंजाचे खड्डे पडलेत का ते बघतो. घोडा चढवून सिलिंडर डगमगतं का, गोळीचं प्रत्येक घर नळीसमोर नेमकं येतं का ते तपासतो. वेब्ली मधून मोडून उघडतं, म्हणून बिजागरी आणि वरची कडी ढिली झाली का हेही. पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं जमा राहिलेल्या हत्याराची नळी बघितली की निम्मा सौदा तिथेच संपतो.

दाजींनी करायचं ते एवढंच: हत्यार आहे तिथेच राहू द्या. ठेवायचं असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांतल्या नियम 25 खाली वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. परवाना मिळाल्यावर परवानाधारकाला विकायचं ठरलं, तर त्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. आणि तो फोटो पाठवला असेल, तर कुणाला पाठवला ते मला आजच सांगा.