ओढा ‘साफ’ केला म्हणे!

कोयनेच्या वरच्या अंगाला ओळखीच्यांचं शेतघर आहे. परवा गेलो तर त्यांच्या मागचा ओढा ओळखूच येईना. दोन्ही काठांवरची झुडपं सपाचट, दगड उचललेले, तळाला काँक्रीट. मालक कौतुकाने म्हणाले, “बघा, किती स्वच्छ केलाय!” हातात त्यांचाच चहा, मी काय बोलणार? तिथे गिळलं ते इथे लिहितोय.

दोन पावसाळ्यांपूर्वी याच ओढ्यावर रात्री टॉर्च घेऊन बसलो होतो. पाण्यावर झुकलेल्या एका पानाला अंडी चिकटलेली, शिजलेल्या साबुदाण्यासारखी. शेजारच्या फांदीवर एक बॉम्बे नाइट फ्रॉग. अंग सुरकुतलेलं आणि डोळ्यातली बाहुली चक्क शंकरपाळ्याच्या आकाराची. नावात मुंबई असली तरी मुक्काम सह्याद्रीतल्या ओढ्यांवर, तोही फक्त महाराष्ट्रातल्या. शास्त्रीय नावातलं ‘हुमायुनी’ हे हुमायून अब्दुलअलींवरून आलंय. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून झटणाऱ्यांतले ते एक. 1987 साली ती बंद झाली.

2016 मध्ये हाच बेडूक जगभर गाजला होता. कोयनेजवळच्या हुंबरळीत अभ्यासकांनी त्याची मीलनाची पद्धत टिपली, बेडकांमध्ये तोवर न पाहिलेली. नर मादीला मिठी मारत नाही, हातांनी पान किंवा फांदी धरतो. शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि बाजूला होतो. मग ती अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेल्या शुक्राणूंनी ती फळतात. लोकांनी ‘बेडकांचं कामसूत्र’ वगैरे विनोद केले, मीही हसलो. पण त्या गोष्टीतलं पान कुणाच्या लक्षात राहिलं नाही. अंडी पानावर, खाली वाहतं पाणी, पिल्लं फुटली की टपकन पाण्यात. पान कापलं की सगळा खेळच खलास.

म्हणून मला धरणांइतकाच या हौशी साफसफाईचा राग येतो. धरणाविरुद्ध निदान मोर्चा निघतो. कोयत्याने झुडपं छाटली तर आपण “छान दिसतंय” म्हणतो. अशा ओढ्यांना बहुतेकदा नावही नसतं, मग भांडणार कोण?

वरच्या टप्प्यात पंधरा-वीस फूट काठ अजून शाबूत आहे. तिथे कोयता लावू नका, असा मेसेज मालकांना काल टाकला. उत्तर आलं, “बघू. माळी म्हणतो तिथे साप असतात.”